कौसाच्या घड्याळाची शहानिशा

माझी धाकटी बहीण कौसा आठ दिवस खाटेवरून उठंना. तिच्या पोरानं दिलेलं घड्याळ म्हणतं, काळजाचे ठोके बराबर न्हाईत. फोनवर रडून राह्यली, "आक्का, मी काही वाचत न्हाई." मंग मीच भोकरदनहून शहागडला निघाले.

खोटं कोण बोलतं ते बघायला घरातली सगळी यंत्रं अंगावर चढवली. सगळ्यात जुनं लेकाचं, कमरेला अडकवायचं. त्याला फक्त पावलं कळतात. त्यानंतर आलेला रबरी पट्टा झोपही मोजतो. नातीचं नवं घड्याळ तर खालून हिरवा उजेड मारून नाडी बघतं.

शेजारची बाई म्हणाली, "मावशे, तीन-तीन कशाला?"

"साक्षीदार लागतात, बाई."

पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. जालन्याला उतरले तर कमरेचं म्हणतं, दोन हजार पावलं. मी तर बूडही हलवलं न्हाई! रस्त्याचे खड्डे माझ्या नावावर लावले मेल्यानं. पट्टा म्हणाला, तीनशे. घड्याळ म्हणालं, फार बसलात, उठा. कुणाचं खरं धरायचं?

स्टँडवरची भजी तेलकट, चहा बरा. पुढं बीडची गाडी धरा, शहागडला थांबते. अंबड सोडल्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागं तासभर गेला.

कौसाच्या हातात डझनभर बांगड्या, अन् घड्याळ बांगड्यांवरून बांधलेलं. चमडीला शिवतही न्हाई.

"कौसे, उजेड काचेवर पडून राह्यला. बांगड्या काढ."

"मालक जिते हायेत माझे!"

दाजी दारातून म्हणाले, "माझी हरकत न्हाई, काढ." कौसानं असं बघितलं की ते अंगणात गेले.

शेवटी बांगड्या वर सरकवल्या. घड्याळ चमडीवर बांधलं. दोन मिनिटांत म्हणालं, सगळं बराबर. मी खूश, पण कौसा तशीच रडवेली. "आक्का, काल खोटं बोललं, तर आज खरं कशावरून?"

मी तिच्या चपला खाटेपुढं सरकवल्या.

मंग दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. ठोके बिलकुल ठीक. कौसा रिक्षा सोडून पायी घरी निघाली, मी मागं धापा टाकत.

तिसऱ्या दिवशी भोकरदनला परतले. नात म्हणते, आता अंगठीएवढं यंत्र आलंय. मला काही उमगंना. कमरेचं चुकायचं, तेव्हा कुणी आजारी पडत नव्हतं. हे नवं शहाणं काळजाचं सांगतं, अन् चुकलं की माणूस आठ दिवस खाट धरतं. मंग हे सुधरून राह्यलं का बिघडून?

काल कौसाला फोन केला. घड्याळ अजून हातातच.

"आता कशाला गं?"

"डॉक्टरीण काय रोज घरी येती का, आक्का?"