पदरातली ग्रिप

माझ्या वडिलांचा विजेवर काडीचाही विश्वास नाही. कारण त्यांनी तेहतीस वर्षं लाईनमनची नोकरी केली. घरात नवा मिक्सर आला तरी बाबा आधी त्याची पिन उलटसुलट करून बघणार, वायरीचा वास घेणार आणि मगच आईला म्हणणार, "लाव आता. पण चप्पल घालून लाव." मी त्यांचीच मुलगी. अमरावतीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. वर्गात जे शिकवते त्यातलं निम्मं बाबांकडून आलेलं आहे आणि उरलेलं निम्मं बाबांना मान्य नाही.

त्यांचा विश्वास होता तो एकाच यंत्रावर, फटफटीवर. काळी, दोन स्ट्रोकची, लांब सायलेन्सरची आणि मालकाइतकीच हट्टी. पावसापाण्यात, चिखलात, जिथे खात्याची जीप रुतून बसायची तिथे ही पोचायची. लहानपणी मी टाकीवर बसायचे, आई मागे, आणि दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी ओरडून बोलायचे. त्या इंजिनाच्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता. नात्यातल्या लग्नांच्या, भांडणांच्या, देण्याघेण्याच्या सगळ्या गोष्टी त्यांनी भर रस्त्यावर बोंबलून केल्या आणि कोणालाही त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

नोकरी संपली तशी फटफटीची एकच ड्युटी उरली, गुरुवारची. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, बोरगाव मंजूला राहते. तीन वर्षांपासून ती अंथरुणावर आहे. घरची माणसं तिचं सगळं करतात, पण केस मात्र ती कोणाला विंचरू देत नाही. ते आईनेच विंचरायचे. म्हणून दर गुरुवारी बाबा आईला मागे बसवून अकोल्याहून बोरगावला न्यायचे. आई तेल लावून, वेणी घालून द्यायची. बाबा बाहेर ओट्यावर बसून गावातल्या प्रत्येक खांबाला नावं ठेवायचे.

मग बाबांचा गुडघा गेला. एका सकाळी किक उलटली आणि पाय असा काही मुरगळला की महिनाभर पट्टा होता. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, सायकलसुद्धा चालवा, पण किक मारायची नाही. गुरुवार बंद पडले. आई दोनदा ऑटोने गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. विचारलं तर म्हणाली, "ऑटोत मले गरगरते." खरं म्हणजे बाबा सोबत नसताना तिला बोरगावचा रस्ता आवडत नव्हता, पण हे ती मेली तरी बोलली नसती. मावशीच्या सुनेने फोनवर सांगितलं की मावशी दर गुरुवारी फणी उशाशी घेऊन बसते. त्या रविवारी मी अकोल्याला घरी गेले.

मी बाबांना म्हटलं, "फटफटीला मोटर बसवते. किक नाही, गिअर नाही. बसायचं आणि जायचं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना काठी विकायला आले होते. "लाईट गेल्यावर काय करशीन?"

"रात्रभर चार्ज झालेली असते, बाबा."

"अकोल्याचं ऊन पायलं का तू? बॅटरी पापडावानी फुगीन."

"ही त्यातली नाही. उन्हाची सवय असलेली घेते."

"व्होल्टेज किती?"

"बहात्तर. डीसी."

"डीसी!" बाबा उठून बसले. "एसी माणसाले फेकते माय. डीसी धरून ठेवते. तुह्या मायले मागं बसवाची आहे मले."

पुढचे दोन महिने आमची याच विषयावर जुंपली. बाबांच्या शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन तेल ओतायचे. कुठेतरी कोणाची तरी स्कूटर कशी पेटली, कुणाची बॅटरी दोन वर्षांत कशी बसली. त्यातलं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग यायचा. शेवटी बाबांनी दोन अटी घातल्या. एक, इंजिन भंगारात जाणार नाही, ते घरी पलंगाखाली राहील. दोन, "मेन लाईनवर ग्रिप पायजे. हातानं ओढली का निघाली पायजे. बटनावर माहा भरोसा नाही."

या ग्रिपचं थोडं सांगायला हवं. पूर्वी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीत, चिनीमातीच्या फ्यूज-ग्रिपा असायच्या. लाईनमन खांबावर चढण्याआधी ग्रिप ओढून लाईन बंद करायचा. भीती असायची ती माणसांची. वीज गेली की कोणीतरी शहाणा येतो, पेटीत ग्रिप खोचतो, आणि खांबावरचा माणूस संपतो. म्हणून ग्रिप खिशात घालूनच वर चढायचं. बाबा खिशातही ठेवत नसत. आम्ही खेड्यावर क्वार्टरमध्ये राहायचो आणि डीपी समोरच होती. बाबा ग्रिप काढून आईच्या हातात द्यायचे. आई ती पदराच्या टोकाला बांधायची. नियम एकच होता. बाबा स्वतः समोर येऊन "उतरलो, दे" म्हणतील तेव्हाच गाठ सोडायची.

एकदा तीन शेतं पलीकडे तार तुटली होती. पिठाच्या गिरणीवाला दारात येऊन थयथयाट करत होता. मग खुद्द साहेब आले. म्हणाले, काम झालं असेल, ग्रिप द्या. आई तांदूळ निवडत बसली होती. तिने मानही वर केली नाही. "ते उतरले नाही अजून," एवढंच बोलली. अर्ध्या तासाने बाबा आले, घामाने निथळत, आणि साहेबांच्या आधी आईसमोर उभे राहून म्हणाले, "उतरलो, दे." मी सात-आठ वर्षांची असेन. आमच्या घरात खरा साहेब कोण, ते मला त्या दिवशी कळलं.

तर ती अट मी मुकाट्याने मान्य केली. फटफटी टेम्पोत घालून अमरावतीला आणली. मान्यता असलेलं किट, आरटीओच्या चकरा, फ्रेमला वेल्डिंग, सगळं यथासांग झालं. इंजिन काढलं तिथे बॅटरीची पेटी बसवली. पेट्रोलची टाकी तशीच ठेवली, आतून रिकामी. सीटखाली काळी ग्रिप बसवली, साबणाच्या वडीएवढी, ओढली की निघणारी. गाडी आणि पोत्यात बांधलेलं इंजिन अकोल्याला पोचतं केलं. बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, ग्रिप तीनदा काढून पाहिली, आणि म्हणाले, "वायरी बऱ्या बांधल्या." याला कौतुक म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

चार दिवस त्यांनी गल्लीत गाडी फिरवली. मग आला तो पहिला गुरुवार.

सकाळी सातला फोन. बाबांचा आवाज थंड होता. "तुही गाडी मेली."

"काय झालं? सीटखाली बघा ना जरा."

"दुसऱ्याच्या लाईनीले म्या कधी हात लावला नाही. तूच ये."

रजा टाकली, बडनेऱ्याहून रेल्वे पकडली. सगळ्या वाटेत मनात कंट्रोलर, थ्रॉटल, कुठे पाणी शिरलं असेल, याचाच पाढा. त्याहून वाईट म्हणजे काका. ते अंगणात खुर्ची टाकून तयारच होते. "म्या म्हणलं होतं," एवढंच म्हणाले आणि पाय हलवत बसले. आत ओट्यावर डबा बांधून ठेवलेला, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. आई नवी साडी नेसून चहा करत होती.

मी सीट उचलली. ग्रिपची जागा रिकामी होती.

"बाबा, ग्रिप कोणी काढली?"

"म्या नाही."

"मग चालत गेली का?"

"म्या नाही काढली म्हणलं ना!"

आई चहा घेऊन बाहेर आली. आमचा आवाज ऐकून म्हणाली, "ग्रिप त माह्याजवळ आहे." आणि पदराचं टोक दाखवलं. गाठीत काळी ग्रिप बांधलेली होती.

मला हसावं की रडावं कळेना. "अगं मग सकाळपासून बोलली का नाहीस? दे इकडे."

"तुले नाही देत."

"आई!"

"रात्री गाडी धुतली यायनं. पाणी माराच्या आधी काढली आन माह्या हातात देली. मंग मागितलीच नाही. सकाळी साडी बदलली त गाठ नव्या पदराले मारली. म्या समजली काम सुरू आहे अजून. मले काय माहीत, उतरले का नाही ते."

काका हसले. बाबा नाही हसले. ते गाडीकडे पाहत राहिले आणि मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. तो उलटलेल्या किकच्या दिवशीही असा पडला नव्हता. हळूच पायरीवर बसले.

"माह्या ध्यानातच नाही," ते म्हणाले. "काढली, देली, काहीच आठवत नाही. ज्याले ग्रिप कुठी आहे ते आठवत नाही, त्यानं खांबावर चढू नाही. किती जणाले सांगितलं असन म्या." मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "गाडी चांगली आहे बाई. मीच खराब झालो. ऑटो सांग तुह्या मायसाठी."

काकांचे पाय हलायचे थांबले.  गाडी दुरुस्त करायला आले होते, आणि गाडीला काहीच झालं नव्हतं. बाबांना काय झालंय ते मला शिकवलेलं नव्हतं. ते म्हातारे होत आहेत हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

आईने चहाचा ट्रे माझ्या हातात कोंबला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमाले कधी आठवत होतं?" ती म्हणाली. "त्या टायमाले तरी? सतरा भानगडी डोक्यात घेऊन चढत होते. म्हणून त माह्याजवळ देत होते ना. आठवाचं काम माहं होतं. काल देली, मले आठवते. मंग अडलं कुठी?"

बाबा गुडघा चोळत राहिले.

"माही बहीण फणी घेऊन बसली असन तिकडं. मागा."

 मग बाबांनी पायरीला हात टेकला, गुडघा सांभाळत उठले आणि आईसमोर सरळ उभे राहिले.

"उतरलो," ते म्हणाले. "दे."

आईने दाताने गाठ सोडली. ग्रिप त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती स्वतः बसवली, एकदा ओढून पाहिली, पुन्हा बसवली. किल्ली फिरवली आणि दिवा लागला. डबा, तेलाची बाटली आणि आई मागे बसली. मी फाटक उघडलं. गाडी निघाली ती पाण्यातून होडी सरकावी तशी, आवाज न करता. काका खुर्चीतून उठून पाहायला आले.

आता बाबांचा कित्येक वर्षांचा सराव. गाडीवर बसलं की आईशी ओरडूनच बोलायचं. इंजिन आता पलंगाखाली पोत्यात आहे, हे त्यांच्या ध्यानात कुठून असणार? गल्लीच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत त्यांनी मान किंचित मागे वळवली आणि आईला, फक्त आईला, सांगायचं ते सांगितलं. अख्ख्या गल्लीने ऐकलं. दोन बायका दारात आल्या.

"पोट्टीनं काम लय झकास केलं वं! पण तिले सांगजो नोको!"