प्रवेश रद्द करण्याचे कारण

मी एकवीस वर्षं शाळेत गणित शिकवते. पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापते, वर त्यांच्या आयांना बोलावून चार शब्द सुनावते. त्यामुळे माझ्याच मुलीला बारावीच्या गणितात शंभरपैकी अडतीस पडले, तेव्हा मला आधी तिची नाही, माझी काळजी वाटली. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

फिजिक्स, केमिस्ट्री सत्तरीच्या आसपास आणि मधेच हे अडतीस. "पेपर लांबला गं," ती म्हणाली. "येत होतं, पण लिहून झालं नाही." क्लासमध्ये दोन वर्षं सीईटीसाठी चारांतला एक पर्याय निवडायची सवय लागलेली. सविस्तर लिहायला घेतलं की तिचा हात अडायचा. हे मला दिवाळीपासून दिसत होतं. पण शाळेत दिवसभर घसा कोरडा केल्यावर घरी पुन्हा गणित घ्यायचा मला कंटाळा यायचा. सरावानं येईल म्हणायचं आणि भाजी चिरायला घ्यायची, एवढंच मी केलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच. "गणिताचं काय विचारायचं म्हणा, बाई घरातच आहेत. किती पडले?" मी म्हटलं, "छान पडलेत." मुलगी शेजारीच उभी होती. ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली.

तिला आठवीपासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, आता ते विसरा. अडतीसवालीला दारात कोण उभं करतंय? नियम वाचायची मला गरजच वाटली नाही. गणितातलं मला कोण शिकवणार, हा माझा तोरा. डेक्कनकडच्या एका कॉलेजातून बी.ए.चा फॉर्म आणला, "एक जागा हाताशी असू दे" म्हणून तिची सही घेतली, आणि तिचा एलसी, म्हणजे ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला, तिथे जमा करून मोकळी झाले. तो दाखला एकच असतो. तो जिथे अडकला, तिथे मूल अडकलं. दाखला जमा केल्याचं मात्र मी तिला सांगितलं नाही.

मला नंतर कळलं, तिनं इंजिनिअरिंग प्रवेशाची माहितीपुस्तिका वाचली होती. तिन्ही विषय मिळून पंचेचाळीस टक्के असले की पुरे. यादी लागते ती सीईटीवर, आणि सीईटी तिला चांगली गेली होती. एकट्या गणिताचे गुण कोणी विचारत नाही. मैत्रिणीकडे बसून, फोनमधल्या दाखल्याच्या स्कॅनवर तिनं ऑनलाइन अर्जही भरला. मला सांगितलं तर टोमणे ऐकावे लागतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली. कात्रजच्या बाजूच्या एका कॉलेजात तिला कॉम्प्युटरला जागा मिळाली होती. "आज पाचपर्यंत मूळ कागद दाखवायचेत, नाहीतर जागा जाते. तीन दिवस झाले, तुला सांगायचं धाडस होत नव्हतं." मग म्हणाली, "आई, फाइलमध्ये एलसी नाहीये."

मी काय करून बसले होते ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "चल, गाडी काढ," एवढंच म्हणाली.

आधी शाळेत जाऊन रजा मंजूर करून घेतली, मग आम्ही निघालो. स्वारगेटच्या गर्दीतून डेक्कनच्या कॉलेजात पोचेपर्यंत सव्वा वाजला. खिडकीतले क्लार्क मान वर न करता म्हणाले, "आधी प्रवेश रद्द, मग दाखला. अर्ज त्या टेबलावर. दीडला आम्ही जेवतो, आपलं आपण बघा."

अर्जात नाव, वर्ग आणि खाली 'प्रवेश रद्द करण्याचे कारण'. सवयीनं माझा हात चालला, 'मुलीला गणितात कमी' इथपर्यंत. काय लिहितेय मी? ती बाजूला फाइल छातीशी धरून उभी होती. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'आईने मुलीला न सांगता प्रवेश घेतला होता.'

क्लार्कनी चष्मा वर केला. "बाई, इथे लोक 'वैयक्तिक कारण' लिहितात."

"लिहीत असतील. माझं हे आहे."

"विद्यार्थ्याची सही."

तिनं अर्ज वाचला. खोडलेलंही वाचलं. मग सही केली. दीडला तीन मिनिटं कमी असताना दाखला तिच्या हातात आला. तो तिनं माझ्याकडे दिला नाही, स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला. चारच्या आत कात्रजला तिचा प्रवेश झाला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये पुन्हा त्याच काकू. "झाला का प्रवेश कुठे?"

"कॉम्प्युटरला झाला," मी म्हटलं. "आणि तिला गणितात अडतीस होते. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

मी आकड्यांकडे बघत होते. आमचा मजला आला तरी मुलगी माझ्याकडेच बघत उभी होती.