कंपनीचा माणूस

ते पूर्णेहून सकाळच्या गाडीने परभणीला यायचे आणि माझ्या ऑफिसात बसण्याआधी खुर्ची हलवून बघायचे. रेल्वेत फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. हलवून बघितल्याशिवाय त्यांचा कशावरच भरवसा बसत नसे.

बायकोसाठी ऑनलाइन मागवलेलं कानाचं मशीन पहिल्या दिवसापासून बंद होतं. कंपनी बेंगळुरूची, आणि तिच्या अटींत लिहिलेलं की वाद फक्त तिथल्याच कोर्टात चालेल. मी म्हणालो, "काका, त्या अटीला घाबरू नका. ग्राहकाला आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते."

त्यांना हायसं वाटेल असा माझा अंदाज होता.

"न्हाई वकीलसाहेब, बेंगळुरूलाच टाका. फोनवर नुसती रेकॉर्ड बोलायलीय. मला तिथला एक माणूस बघायचाय."

असा पक्षकार मला पहिल्यांदाच भेटला. शेवटी मी म्हणालो, "इथं टाकली तर त्यांनाच यावं लागेल. काकूंनाही आणता येईल." हे मात्र त्यांना पटलं.

तारखेला दोघंही इस्त्रीच्या कपड्यांत आले. कंपनीच्या वतीने उभा राहिला तो परभणीचाच एक वकील. बाहेर आल्यावर काकांनी त्याला गाठलं.

"तुमी तरी बघितलं का त्यांना?"

"न्हाई काका. मला बी ईमेलच येतेत."

निकाल आमच्या बाजूने लागला आणि काकूंना चालणारं मशीन मिळालं. काका पेढे घेऊन आले, पण माझ्या आधी त्या वकिलाकडे जाऊन आले होते. मी कारण विचारलं.

"कंपनीचं कुणीच त्याला भेटंना," ते म्हणाले, "म्हणलं आपण तरी भेटावं."