भट्टीवरून काढलेला माणूस

माझ्या एका वाक्याने एका माणसाचं काम गेलं. नोकरी राहिली, काम गेलं. घरीही मी हे कधी बोललो नाही.

आणीबाणी उठली त्या सुमारास पिंपरीच्या आमच्या कारखान्यात नवा गिअरबॉक्स करायला घेतला होता. ड्रॉइंग माझं, गटाचा प्रमुखही मीच. गिअर तापवून तेलात बुडवायचे, कडक करायचे, ते भट्टीचं काम माझ्याहून वडील अशा एका गृहस्थांकडे होतं. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडाला मात्र लगाम नव्हता.

गिअर भट्टीतून वाकडे येऊ लागले. त्यांनी ड्रॉइंग सगळ्यांसमोर टेबलावर आपटलं.

"अहो चित्रकार, गिअर काढलाय की पापड? मधला भाग जाड करा, नाहीतर वाकडेच निघणार."

"भाऊ, तुम्ही पापड तरी सरळ भाजा की," आमचा फिटर म्हणाला.

"तुला तेवढंच कळतं, तू खा!"

फिटरने त्यांच्याशी बोलणं सोडलं. मग चहालाही त्यांना कुणी हाक मारेना. आठवड्याने मॅनेजरांनी मला विचारलं, "त्यांचं तुमच्या गटाशी जमेल ना?"

मी म्हणालो, "जाणकार आहेत साहेब, पण त्यांच्यामुळे माणसं तुटतात."

खोटं नव्हतं ते. पण मी गटासाठी बोललो नव्हतो. 'चित्रकार' मला लागलं होतं.

त्यांना स्टोअरला टाकलं. मी गुपचूप मधला भाग जाड केला आणि गिअर सरळ आले. पेढे वाटले गेले. तुमच्या गटात एकोपा छान आहे, असं मॅनेजर म्हणाले. एकोपा कसला, कुणी कुणाची चूक दाखवेनासं झालं होतं.

पुढे काही वर्षं ते स्टोअरच्या जाळीआडून मला सामान देत राहिले. एकदा मी चुकीच्या मापाचं बेअरिंग मागितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने काढून दिलं. ते बसेना, तेव्हा मी परत गेलो.

"तुमच्या लक्षात आलं होतं ना?"

"आलं होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"आता नाही बोलत."

चूक दिसली की ज्यांना राहवत नसे, ते हे म्हणत होते. मागे चार-पाच कामगार उभे होते. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "ड्रॉइंग माझं चुकलं होतं. नंतर मी तुमच्या सांगण्याप्रमाणेच केलं आणि तुमचं नाव घेतलं नाही. भट्टीवरून तुम्ही गेलात ते माझ्या बोलण्यामुळे. मला माफ करा."