मारकं पेव

करमाळ्याच्या बाजारात माझ्या धान्याच्या पेवाला अजूनही कुणी 'मारकं पेव' म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे नाव पाडलं माझ्या जुन्या मालकानं. का पाडलं, ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. त्याच्या आडतीत पोती शिवता शिवता मी धंदा शिकलो, मग स्वतःचा मांडला. गावच्या पांढरीत, दारापुढच्याच पांढऱ्या मातीत, स्वतः उतरून पेव खणलं. आत कडब्याचं अस्तर, त्यात शाळू ज्वारी, तोंडावर फरशी आणि तिच्यावर शेणामातीचा लेप. माझं होतं नव्हतं ते सगळं त्या खड्ड्यात होतं.

पावसाळा सरल्यावर मालक शाळू विकत घ्यायला दोन गाड्या घेऊन आला. फरशी काढली. पेव उघडलं की माणसाआधी कंदील सोडायचा, ही आमच्याकडची रीत. कोंडलेला दाणाही श्वास टाकतो, आणि ती हवा जड असते. वर येत नाही, तळ्यासारखी खाली साचून राहते. तिच्यात दिवा विझतो, आणि माणूसही. कंदील पेवाच्या गळ्याखाली गेला आणि विझला.

मालक हसला. "हवा नासली म्हंजी जवारी बी नासली. निम्म्या भावात देतोस का, बोल. गाड्या हुब्या हायत."

"कंदील जळत ऱ्हायला असता तर निम्म्यात दिली असती," मी म्हणालो. "जळला म्हंजी पेव कुटंतरी फुटकं. फुटक्या पेवात किडा पडतो. माज्या पेवानं ही हवा पावसाळाभर धरून ठेवलीय."

"लई शास्त्री झालास की रं! मग सोड हमालाला खाली. आत्ता कळंल."

"कंदील विझलाय, मालक."

"नाकाला फडकं बांधून जाईल त्यो. दोन टोपल्यांचं काम."

हमालमामा कमरेला दोर बांधून काठावर बसले होते. मालकाकडे माझ्या आधीपासून राबणारा माणूस. ते कुणाकडेच बघत नव्हते, नुसती दोराची गाठ चाचपत होते. मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि गाठ सोडली.

"मामा उतरायचं न्हाईत. लई घाई असंल तर तुमी उतरा. दोर मी धरतो."

मालकाचं तोंड लाल झालं. "गाड्या रिकाम्या गेल्या तर बाजारात तुज्या जवारीला कुत्रं इचारणार न्हाय."

"जाऊ द्या."

गाड्या गेल्या तेव्हा दारातून बायको म्हणाली, "आवं, सगळं घर त्या खड्ड्यात हाय." मला काय ठाऊक नव्हतं?

पेव रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरानं खालीवर करून हवा हलवली. पुन्हा सोडलेला कंदील जळत राहिला. तेवढ्यात मामा चालत आले, कमरेला दोर बांधला आणि उतरले. कडेचा दाणा काळा पडला होता, तो पडतोच, जनावरांना जातो. मधला दाताखाली कट्कन फुटत होता.

बाजारात मालकाची वाणी आधीच पोचली होती: "मारकं पेव हाय त्ये, त्यातली जवारी खाऊ नका." कुणी हात लावेना. मी पोतं रस्त्यावर ओतलं आणि ओरडलो, "चावून बघा, मग बोला!" संध्याकाळी रिकामं पोतं झटकून घरी आलो. शाळू खपला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

परवा पेपरात वाचलं, कारखान्यांच्या धुरातला हाच वायू, कार्बन डायऑक्साइड, पकडून खोल खडकात कोंडून ठेवायचा बेत आहे. कोंडा की. जमीन धरते, मी बघितलंय. फक्त झाकणावर माझ्या मालकासारखा घाईचा माणूस बसवू नका. बसवलाच, तर दोर आधी त्याच्या कमरेला बांधा.