हरभऱ्याच्या पोत्यातला वाटाणा

धारवाडजवळच्या रायापूरच्या एका डाळ मिलमध्ये माझी आई गोदावरी एकोणीस वर्षं डाळ निवडायला जात होती. मूळची अळणावरकडची, शाळा चौथीपर्यंत. पण मूठभर डाळ हातात घेतली की ती नवी की जुनी, हे न बघता सांगायची.

गेल्या वर्षी मिलमध्ये परदेशी पिवळा वाटाणा येऊ लागला. जहाजानं आलेला, आपल्या हरभऱ्याहून बराच स्वस्त. तो आणण्यात गुन्हा नव्हता. पण त्याची डाळ हरभऱ्याच्या डाळीत मिसळून 'नवलगुंदचा अस्सल हरभरा' असं छापलेल्या पोत्यांत भरताना आईनं पाहिली. तिची थोरली बहीण, माझी संगीतामावशी, नवलगुंदलाच दिलेली. मावशीचा हरभरा तेव्हा घरात पडून होता. व्यापारी बघायलाही फिरकत नव्हते.

स्वस्त आयातीवर शुल्क लावा, अशी शेतकरी संघटनेची मागणी होती. तिच्या सुनावणीसाठी अधिकारी धारवाडला येणार होते. मावशीच्या सांगण्यावरून संघटनेचे वकील राघवेंद्र आमच्या घरी आले.

"अक्का, बाजारभाव आम्ही दाखवू. पण हरभऱ्याच्या जागी वाटाणा खपवतात, हे मिलच्या आत पाहिलेलं माणूस आमच्याकडे नाही."

"माझं नाव येणार?" आईनं विचारलं.

ते खोटं बोलले नाहीत. "येणार."

ही गोष्ट मिलमध्ये कशी पोचली, कळलं नाही. दोन दिवसांनी चहाच्या वेळी मुकादम भीमराव आईजवळ येऊन बसला. "गोदाक्का, तुमची रूपा साडेसातच्या बसनं हुबळीला जाते न्हवं? खिडकीशी बसते."

एवढंच बोलला आणि हसला.

त्या दिवसापासून आई मला बसस्टॉपवर पोचवायला येऊ लागली. घरी असली की कडी लागली का, ते तीनतीनदा बघायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. "मी नाही जात सुनावणीला," ती एकदा म्हणाली. "नकोच जाऊस," मी म्हणाले. बसच्या मागोमाग दोन दिवस एक मोटारसायकल येत होती. ती भीमरावनं पाठवली होती की उगीच माझ्या मनात आलं, देव जाणे. आईला मी ते सांगितलं नाही.

सुनावणीच्या सकाळी ती चप्पल घालून दारात उभी. "चल. तुला एकटीला घरी ठेवत नाही."

हॉलमध्ये दुसऱ्याच रांगेत, मिलच्या वकिलाशेजारी, भीमराव बसला होता. आईनं माझं मनगट धरलं. नाव पुकारलं तेव्हा ती उठली, पण तोंडातून शब्द फुटेना. अधिकारी कन्नडमध्ये म्हणाले, "हेदरबेडी अम्मा, घाबरू नका."

"भीती वाटतेच, साहेब," ती कन्नडमध्येच म्हणाली. "तरी सांगते."

तिनं वाटाणा कधीपासून आला, डाळ कुठं मिसळली, कुठल्या पोत्यांत भरली, सगळं सांगितलं. मिलच्या वकिलानं विचारलं, "दोन्ही डाळी पिवळ्याच. तुम्हाला फरक कसा कळणार?"

"वाटाण्याची डाळ गुळगुळीत असते, बोटांतून निसटते. एकोणीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

जागेवर येऊन तिनं पुन्हा माझं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी मिलच्या वॉचमननं तिला गेटवरूनच परत पाठवलं. काही महिन्यांनी वाटाण्यावर शुल्क लागलं. मागणी देशभरातून होती, राघवेंद्र म्हणाले. त्यात आईच्या शब्दाचा वाटा किती, कोण सांगणार? पण मावशीच्या दारात व्यापारी आले, हरभरा गेला. आईला एका महिला गटात पापडाचं काम मिळालं.

परवा धारवाडला सुभाष रोडवर भीमराव समोर आला. "अक्का, तेव्हा मालकानं बोलायला लावलं. मनात काही नव्हतं माझ्या."

आई माझा दंड धरून भरभर पुढं चालत गेली. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "थांब जरा. तो मागून येत नाही ना, बघ."