अस्सल पिस्तुलाची पारख

पोलिसाच्या नोकरीत शेकडो केसेस हाताळल्या, पण सुरतेतली ती पिस्तुलाची केस आठवली की अजूनही अंगात तरतरी येते.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घ्यावी लागतात. त्याच धांदलीत खबऱ्याचा फोन आला : "साहेब, महायुद्धातलं एक लष्करी पिस्तूल सुरतेतून जुन्या शस्त्रांच्या एका शौकिनाकडे चाललंय. मोठा माल आहे." मी चमकलो. तसलं पिस्तूल आमच्या हद्दीत एकच होतं आणि ते कालच जमा झालं होतं! सुरतेच्या पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या एका खानदेशी कारागिराचं. त्याचे आजोबा फौजेत होते.

शस्त्रागारातल्या हवालदाराला ते खोलायला लावलं. नंबर परवान्याशी जुळत होता, पण आतलं काम ओबडधोबड. "साहेब, हे गावठी आहे. नंबर नंतर ठोकलाय," तो म्हणाला. झालं, अस्सल विकून नकली ठेवल्याचा संशय सरळ कारागिरावर. त्याला चौकशीला बसवला.

त्याची आई धावत आली. "मना पोऱ्या चोर नहीं शे, साहेब," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाणी पाजून तिला बोलतं केलं. दर दसऱ्याला ती पिस्तुलाला कुंकू लावायची. नवरा मात्र कुणाला ते घासू देत नसे, नुसतं तेलाचं बोट फिरवायचा. तो वारल्यावर परवाना मुलाच्या नावावर होईपर्यंत पिस्तूल बंदुकीच्या दुकानात जमा होतं. नुकतंच घरी आलं होतं.

मी नकली पिस्तुलाच्या मुठीची लाकडं काढून पाहिली. आत कुंकवाचा कण नाही, म्हणजे हे त्या घरात एकाही दसऱ्याला पुजलं गेलं नव्हतं. आणि नुकत्याच घरी आलेल्या पिस्तुलाची नक्कल करवून घ्यायला मुलाला वेळ तरी कुठे मिळाला होता? माझी खात्री पटली : बदल दुकानात झाला होता. पण सिद्ध कसं करणार?

दुकानदार मुरलेला गडी. जुन्या शस्त्रांची पारख करावी तर त्यानंच, असं त्याचं नाव होतं. "माझ्याकडे आलं तेही हेच होतं," यावरून तो तसूभर हलेना. कुंकवाचं मी अवाक्षर काढलं नाही. चहा मागवला आणि सहज म्हणालो, "जाऊ द्या शेठ. अस्सल मिळालं तरी त्याला कोण विचारतंय? घरचे दर दसऱ्याला राखेनं घासायचे. मूळ झिलईच गेली म्हटल्यावर शौकिनाच्या लेखी ते भंगार."

गडी उसळला. "खोटी वात, साहेब! झिलई जशीच्या तशी आहे. मुठीच्या लाकडाखाली थोडं कुंकू साचलंय, ते ब्रशनं निघतं."

चहाचा कप खाली ठेवून मी म्हणालो, "कुठे आहे?" त्याच्या माळ्यावर ते तेलकट फडक्यात गुंडाळलेलं सापडलं. नंबर तोच, कुंकूही होतं.

गुन्हा लपवणारा माणूस शिव्या खातो, दमदाटी सोसतो, पण आपल्या पारखीला कुणी खोटं म्हटलेलं त्याला सोसत नाही. हे मी त्या दिवशी शिकलो.

मुलाला सोडलं तेव्हा पंचनाम्यासाठी ते पिस्तूल टेबलावरच होतं. आम्ही सगळे भोवती जमलो होतो, जो तो त्याची किंमत सांगत होता. आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाचा हात धरून तिनं विचारलं, "तू काही जेवना का?"